चूक क्रमांक सतरा

चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली, त्यातली एकोणीस इन्चार्ज सिस्टर म्हणून. त्यामुळे मी कुठेही गेले तरी राउंडलाच निघाल्यासारखी जाते. हॉटेलात ग्लासच्या कडेवरून बोट फिरवून बघते, हॉलमध्ये शिरले की आधी बंद पंखे मोजते, आणि मागच्या रांगेत कुणी शिंकलं तर ते हातात शिंकलं की कोपरात, हे मला मान न वळवता कळतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण वही सुटली नाही. तळहाताएवढी, पानं वर उलटणारी, दोऱ्याने पेन बांधलेली. भाचीचा सिनेमा बघायला गेले तेव्हाही ती पर्समध्ये होतीच.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीच्या गावात धड शाळा नव्हती, म्हणून तेराव्या वर्षापासून ती माझ्याकडेच वाढली. घरात तिला सगळे ठिणगी म्हणतात. हे नाव आमच्या बाबांनी ठेवलं. जिथे पडेल तिथे काहीतरी पेटवून येते, असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. तिने पहिलाच सिनेमा काढला तो भुताचा, आणि तोही हॉस्पिटलमधल्या भुतांचा. मी म्हटलं, अगं, मला विचारायचंस तरी. तर म्हणाली, "मावशी, तुला विचारलं असतं तर सिनेमा झाला नसता, ट्रेनिंग झालं असतं."

शुक्रवारी दुपारचा पहिला खेळ होता. गोष्ट अशी, की एका हॉस्पिटलात माणसं मरतात, पण त्यांना जाता येत नाही, कारण त्यांचे कागद पूर्ण नसतात. मग ती मेलेली माणसं रोज सकाळी एका खिडकीपुढे रांग लावतात. तोंडं हिरवी, अंगावर वॉर्डाचेच कपडे. खिडकीतला क्लार्क प्रत्येकाला एक कागद कमी आहे म्हणून परत पाठवतो, आणि बरोबर एकच्या ठोक्याला जेवणासाठी खिडकी बंद करतो. एक भूत आपला तुटलेला हात काउंटरवर ठेवून जातं, आपण पिशवी ठेवून नंबर धरतो ना, तसं. परत येतं तर मागच्या भुताने तो हात सरकवून आपला ठेवलेला असतो. त्यावरून भांडण जुंपतं.

थिएटरात तर दोन तट पडले. पुढच्या रांगांतली मंडळी घाबरायला आली होती आणि भीती मिळेना म्हणून चिडली होती. त्यातली निम्मी मध्यंतरात उठून गेली ती परतलीच नाही. मागच्या बाजूला हसून हसून मुरकुंडी वळत होती. माझ्या शेजारी एक गृहस्थ एवढे हसत होते की त्यांचं पॉपकॉर्न माझ्या मांडीवर सांडलं. मी त्यांना सांगितलं, माणसं मेलीयेत तिथे, जरा हळू. यावर ते आणखीच हसले. त्यांना वाटलं मीही विनोद केला.

मला मात्र हसायला फुरसत नव्हती. मी चुका लिहीत होते. सिनेमा संपला तेव्हा तेवीस झाल्या होत्या. बाहेर ठिणगी खांबाला टेकून उभी होती. नखं खाल्लेली, चेहरा उतरलेला. तिने विचारलं, "कसा वाटला?"

"घरी ये," मी म्हटलं. "लिहून ठेवलंय सगळं."

शनिवारी सकाळी फोन आला तो आमच्या नर्सेसच्या संघटनेच्या सेक्रेटरीबाईंचा. ही बाई म्हणजे माझीच जुनी ज्युनिअर. इंजेक्शन देताना हिचा हात थरथरायचा तेव्हापासून मी हिला ओळखते. आता चांगली करारी झाली आहे. म्हणाली, "मॅडम, त्या सिनेमात चहाच्या खोलीतला प्रसंग बघितलात ना? बाहेर मृतदेह पडलाय आणि आतमध्ये सिस्टर्स खिदळतायत! लोक काय म्हणतील आपल्याला? आम्ही थिएटरच्या मॅनेजरकडे तक्रार दिलीये. एक तर तो प्रसंग कापा, नाहीतर सोमवारपासून सिनेमा उतरवा."

"मग मॅनेजर काय म्हणतो?"

"तो घाबरलाय. उद्या दुपारचा खेळ आम्ही सगळ्या बघणार आणि नंतर त्याच्याशी बोलणार. तुम्ही या. तुम्ही सगळ्यांत सीनिअर, आणि भाचीची बाजू घेणाऱ्यातल्या नाही, हे सगळ्यांना माहितेय. तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य."

मी येते म्हटलं. खरं सांगायचं तर मान ताठ झाली होती. निवृत्त माणसाला कुणी विचारलं की दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटतं.

दुपारी ठिणगी आली. मी चहा टाकला, पाव भाजला, आणि संघटनेचं सगळं सांगितलं. तिला ते आधीच कळलं होतं. सिनेमा एकूण तीनच थिएटरांत लागला होता आणि दोघांनी तो रात्रीतच उतरवला होता. हे तिसरं गेलं की खेळ खल्लास. चार वर्षं ती या सिनेमामागे होती. लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडून देत होती आणि उरलेल्या वेळात हा बनवत होती.

"मग तो एक प्रसंग कापून टाक," मी म्हटलं. "बाकीचा राहील. शहाणपण त्यातच आहे."

"तो कापला तर बाकीचा कशाला ठेवू?"

"हट्टी आहेस."

"कुणाच्या घरात वाढले?" असं म्हणून तिने हात पुढे केला. "दे तुझी यादी."

मी वही दिली. ती मोठ्याने वाचायला लागली. "एक. सलाईन एवढ्या वेगाने सोडली तर रुग्ण भुताआधीच मरेल. बरोबर, मान्य. चार. इन्चार्ज सिस्टर नको तेवढी जाड दाखवली आहे." तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी पावाला लोणी लावत राहिले. त्या सिनेमातल्या इन्चार्जच्या चष्म्याला दोरी आहे, आणि वहीच्या पेनालाही. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण आपण होऊन ती टोपी आपल्या डोक्यात कशाला घालायची.

"नऊ. तुटलेला हात निर्जंतुक न करता काउंटरवर ठेवला." इथे ती हसायला लागली. टेबलावर डोकं टेकून हसली. "मावशी, तू ना, तू माझी सगळ्यांत चांगली प्रेक्षक आहेस. बारा. मृत रुग्णाचं तापमान दर चार तासांनी लिहिलं जातं आणि ते नॉर्मल आहे. हे वास्तवाला धरून नाही. खरंच नाही?"

"माझ्या वॉर्डात नाही," मी म्हटलं. दुसऱ्यांच्या वॉर्डांबद्दल मी काही बोलले नाही.

ती पुढे वाचत गेली आणि एकदम थांबली. हसू पुसून टाकल्यासारखं गेलं. पान तिने दोनदा वाचलं असावं, कारण डोळे परत वर जाऊन खाली आले.

"सतरा," ती हळू म्हणाली. "कागदावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही एकाच हाताची. असं कधीच होत नाही."

"होतच नाही. वॉर्डातून मृतदेह बाहेर जातो तेव्हा देणाऱ्याच्या जागी इन्चार्जची सही असते आणि घेणाऱ्याच्या जागी नातेवाइकाची. तुझ्या सिनेमातली बाई दोन्हीकडे स्वतःच करते. लहान मूलसुद्धा करणार नाही असली चूक."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला कळलं असतं. रागावली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. तसं काही नव्हतं. तिने वही मिटली, पेन दोऱ्यात नीट अडकवलं आणि उठली.

"उद्या परत बघणारच आहेस ना? तेव्हा ही वही घरी ठेव. रिकाम्या हातांनी बघ. मग मॅनेजरला तुला जे सांगायचं ते सांग, मी ब्र काढणार नाही."

चहा तसाच ठेवून ती गेली. ठिणगीने चहा सोडून जाणं म्हणजे काहीतरी आहे, एवढं मला कळलं. काय ते कळेना.

रविवारी वही मी खरंच घरी ठेवली. थिएटरात बसल्यावर हातांचं काय करावं ते सुचेना. एका बाजूला सेक्रेटरीबाई, पुढे-मागे संघटनेच्या बारा-तेरा बायका, सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. ठिणगी मागे दाराशी उभी होती.

वही नसली की डोळे कुठेतरी खिळतातच. मी प्रथमच भुतांचे चेहरे बघितले. ती कुणाला घाबरवत नव्हती. उलट फार शहाण्यासारखी वागत होती. एकमेकांना नंबर विचारत होती, म्हाताऱ्यांना पुढे सोडत होती. भीती वाटत होती ती खिडकीची. खिडकीत कुणी दुष्ट बसलेलं नव्हतं. डबा आणलेला, नेमाने येणारा, हसतमुख क्लार्क होता. "साहेब, एक कागद कमी आहे," असं तो मेलेल्या माणसाला इतक्या गोडीने सांगतो, की मला आमचा औषधांचा स्टोअरकीपर आठवला आणि मी फस्सकन हसले. सेक्रेटरीबाईने दचकून बघितलं. मी खोकल्यासारखं केलं. पण दोन मिनिटांनी हात सरकवल्यावरून भांडण सुरू झालं आणि आमच्याच रांगेत, टोकाला, आणखी कुणीतरी खोकलं.

मग अकरा नंबरची कॉट आली. त्यावरचा म्हातारा पाय खाली सोडून बसलेला असतो, बूट हातात घेऊन, निघायच्या तयारीत. तो आत्ताच मेलेला आहे. इन्चार्ज सिस्टर त्याचा कागद भरते. देणाऱ्याच्या जागी सही करते. मग चष्मा वर सरकवते, घेणाऱ्याच्या जागीही सही करते, आणि कागद खिडकीत देते. क्लार्क बघतो आणि म्हणतो, "सिस्टर, देणाऱ्या तुम्ही, घेणाऱ्याही तुम्हीच. स्वतःच स्वतःला कसं देणार? दुसरा नातेवाईक आणा."

माझा हात पर्समध्ये वही शोधायला गेला; ती घरी होती.

खऱ्या कॉटचा नंबर अकरा नव्हता. नऊ होता. अकरा वर्षांपूर्वी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्याच वॉर्डात, माझ्याच ड्यूटीवर, बाबा गेले. मी सगळं नियमाने केलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. नव्या मुलींना उदाहरण म्हणून सांगायचे. स्वतःचा बाप गेला तरी डोळ्यांत पाणी न आणता कागद पुरे केले, बघा. आणि ते कागद मी दोन्ही जागी सही करून दिले होते. देणारी इन्चार्ज मी आणि घेणारी लेक मी. क्लार्कने परत केले. ठिणगी बाहेर बाकावर शाळेच्या कपड्यांत बसली होती, ती उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, मी नात आहे, मी करते सही. क्लार्क तिला म्हणाला, बाळ, तू सज्ञान नाहीस. मग माझी बहीण तिच्या गावाहून बसने येईपर्यंत, संध्याकाळचे चार वाजेपर्यंत, बाबा नऊ नंबरवर तसेच पडून होते. ज्यांना कधी बसची वाट बघायचा कंटाळा आला नाही, ते माझे बाबा.

आणि त्या वेळात मी काय केलं, ते पडद्यावर पुढे येत होतं. इन्चार्ज चहाच्या खोलीत जाते. एक ज्युनिअर कप पुढे करते. इन्चार्ज कप घेते, एक घोट पिते आणि म्हणते, "जन्मभर उभ्याने रांगा लावल्या त्यांनी. आज पहिल्यांदा आडवं पडून लावलीये." आणि हसायला लागते. ज्युनिअर आधी घाबरते, मग तीही हसते. दोघी हसतात, हसतात, चहा सांडतो, भिंतीला धरून हसतात. बाहेर कॉटवर म्हाताऱ्याचं भूत ते ऐकतं, बूट बाजूला ठेवतं, आणि तेही हसतं. खांदे हलवत, आवाज न करता. बाबा अगदी तसेच हसायचे.

तो विनोद माझा होता. शब्दन् शब्द माझा. मी विसरले होते. म्हणजे तो दिवस विसरले नव्हते, फक्त त्यातली ती पाच मिनिटं वॉर्डातून बाहेर काढून टाकली होती. अठरावी चूक म्हणून मी काय लिहिलं होतं? "सिस्टर मोठ्याने हसतात. मृताचा अपमान." आपलं ठेवायचं झाकून, म्हणतात ते हेच.

थिएटरात मागचे लोक हसत होते. मी रडत होते आणि हसतही होते, आणि दोन्हीचा आवाज एकच येत होता. शेजारी सेक्रेटरीबाईने माझं मनगट घट्ट धरलं. तिचा हात थरथरत होता, त्या जुन्या दिवसांसारखा.

"मॅडम," ती कानाशी म्हणाली, "तो कप माझ्या हातात होता."

"माहितेय."

"परवा मी बघितलं तेव्हा मला फक्त राग आला हो. आपण इतक्या वाईट दिसतो का, असं वाटलं."

"आपण चांगल्याच दिसतोय," मी म्हटलं. "मी जरा जाड दिसतेय तेवढंच."

यावर तिने तोंडावर रुमाल दाबला. पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघायला लागल्या आणि कशाला हसतोय ते न कळताच हसू लागल्या. वॉर्डात एकीला सुटलं की सगळ्यांना सुटतं. तो काही दुष्टपणा नसतो. त्या पाच मिनिटांनंतर मी उठले होते, तोंड धुतलं होतं, आणि बाबांची चादर स्वतः बदलली होती, वॉर्डाच्या पद्धतीने घडीचे कोपरे काढून. हसले नसते तर ते कोपरे माझ्याच्याने निघाले नसते. भुताखेतांच्या गोष्टीत एवढं खरं कुणी घालून ठेवेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी सलाईन मोजत बसले होते.

खेळ संपल्यावर मी आधी दाराशी गेले. मीच विचारलं, "तुला बाहेर बाकावर ऐकू आलं होतं?"

"सगळं."

"राग आला असेल."

"सात वर्षं होता," ती म्हणाली. "मग पहिल्या निर्मात्याने मला ऑफिसमधून हाकललं, त्या दिवशी मी जिन्यात बसून अशी हसले, अशी हसले, की वॉचमनने पाणी आणून दिलं. आणि हसता हसता मला तो आवाज ओळखीचा वाटला. तुझाच होता. मग सिनेमा लिहायला घेतला."

"आधी सांगायचंस ना मला."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, असं कधीच होत नाही."

मी तिचा कान पकडला आणि लगेच सोडला.

मॅनेजरची खोली म्हणजे पोस्टरांची अडगळ आणि मध्ये एक टेबल. तो बिचारा आम्हा तेरा-चौदा बायकांना बघून उभाच राहिला. दोन खुर्च्या होत्या, त्या कुणाला द्याव्यात हे त्याला ठरवता येईना. सेक्रेटरीबाई म्हणाली, "आमच्यातर्फे मॅडम बोलतील."

मी म्हटलं, "प्रसंग कापायचा नाही. एक फ्रेमसुद्धा नाही. तो खोटा आहे म्हणून तक्रार होती. तो खरा आहे. मी तिथे होते, आणि हीही होती." सेक्रेटरीबाईने मान हलवली. मागून एकीने विचारलं, म्हणजे आपण खरंच अशा हसतो? तिला दुसरीने कोपराने ढोसलं, आणि म्हणाली, मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये कोण हसत होतं? ते प्रकरण मग बरंच लांबलं.

"सलाईनची चूक मात्र आहे," मी मॅनेजरला म्हटलं. "ती तिने पुढच्या वेळी सुधारावी."

मॅनेजरने सुटकेचा श्वास सोडला आणि ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. "मग तक्रार मागे घेतल्याचं एवढं लिहून द्या, म्हणजे मालकांना दाखवून मी सोमवारपासून पुढे चालू ठेवतो. वर तक्रारदारातर्फे सही, खाली सिनेमावाल्यांतर्फे."

मी चष्मा वर सरकवला. वरच्या ओळीवर सही केली. आणि एकोणीस वर्षांची कागद पुरे करायची सवय, हात आपोआप खालच्या ओळीकडे गेला. पेन टेकणार तेवढ्यात कुणीतरी ते माझ्या बोटांतून अलगद काढून घेतलं.

"दे इकडे, मावशी," ठिणगी म्हणाली. "आता मी सज्ञान आहे."

तिने सही केली. तारीख घालायची विसरली होती, ती मी सांगितली.